फेरारी एफ८० आली, पण व्ही१२ कुठंय? तुम्हाला पटली का ही गाडी?

भिंतीवरची_एन्झो (पुणे)

मंडळी, १७ ऑक्टोबर २०२४ ला फेरारीने एफ८० दाखवली त्याला आता आठवडा होत आला आणि माझ्या डोक्यातून ती गाडी काही जात नाहीये, म्हणून शेवटी इथं लिहायला बसलो. आकडे तुम्ही सगळ्यांनी वाचले असतीलच, १२०० हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर २.१५ सेकंदात, टॉप स्पीड ३५०, फक्त ७९९ गाड्या, किंमत ३६ लाख युरो म्हणजे आपले बत्तीस-तेहतीस कोटी आणि तेही टॅक्स वगैरे धरायच्या आधी. आणि दाखवायच्या आधीच सगळ्या बुक झालेल्या. हे सगळं ठीक आहे, आपण काय घेणार नव्हतोच, माझा प्रश्न वेगळा आहे.

इंजिन व्ही६ आहे, म्हणजे सहा सिलिंडरचं. तीन लिटरचं, दोन टर्बो. म्हणजे १९९५ ची एफ५० व्ही१२, २००२ ची एन्झो व्ही१२, २०१३ ची लाफेरारी हायब्रिड झाली तरी व्ही१२, आणि आता कंपनीला २०२७ मध्ये ८० वर्षं होणार म्हणून त्या आकड्याच्या नावाने जी गाडी काढली तिच्यात निम्मे सिलिंडर. मला राग नाही येत, वाईट वाटतंय. परवा दिवाळीच्या साफसफाईत आईने भिंत रिकामी करायला सांगितली, तिथे शाळेत असताना अप्पा बळवंत चौकातून घेतलेला लाल एन्झोचा पोस्टर होता, तो काढताना पिवळी पडलेली सेलोटेप भिंतीचा पोपडा घेऊनच निघाली आणि खाली पोस्टरच्या मापाचा जुना आकाशी रंग जसाच्या तसा दिसला, बाकी सगळी भिंत मळलेली. मी तो पोस्टर हातात धरून बराच वेळ तसाच उभा होतो. ती गाडी मी कधीच प्रत्यक्षात बघितली नाही पण तिच्या इंजिनचा आवाज मला पाठ आहे. आज जो मुलगा बारा वर्षांचा आहे त्याला एफ८० चं काय पाठ होणार?

ज्यांना पटलीये त्यांनी का पटली ते सांगा, ज्यांना नाही पटली त्यांनी पण. फक्त "मस्त गाडी" एवढंच लिहू नका प्लीज.

शाफ्ट_आणि_बेअरिंग (चाकण)

मी टर्बोच्या धंद्यातला आहे, एका कारखान्यात टर्बोचे रोटर बॅलन्स करणाऱ्या लाइनवर नऊ वर्षं झाली, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूचं असणार हे आधीच सांगतो.

टर्बोमध्ये एक शाफ्ट असतो, एका टोकाला एक्झॉस्टच्या गॅसने फिरणारं टर्बाइन आणि दुसऱ्या टोकाला हवा दाबून इंजिनात भरणारा कॉम्प्रेसर. हा सगळा जोड तळहातावर मावतो आणि चालू गाडीत मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. आमच्याकडे बॅलन्सिंगला आलेल्या रोटरवर बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी पोरांना मी पुसायला लावतो, इतकी ती नाजूक चीज आहे. आता टर्बोचं जुनं दुखणं काय, तर मोठा टर्बो लावला की वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ताकद भरपूर मिळते पण खाली तो फिरायलाच वेळ घेतो, पाय दाबला आणि गाडी विचार करतीये असं वाटतं. छोटा लावला तर पटकन फिरतो पण वर दम संपतो. आयुष्यभर हीच तडजोड चाललेली.

एफ८० मध्ये त्यांनी टर्बाइन आणि कॉम्प्रेसरच्या मध्ये त्याच शाफ्टवर इलेक्ट्रिक मोटर बसवलीये. म्हणजे गॅस यायची वाटच बघायची नाही, मोटर शाफ्टला आधीच फिरवून ठेवते, आणि त्यामुळे टर्बो बिनधास्त मोठा ठेवता आला. फेरारीच्या रस्त्यावरच्या गाडीत हे पहिल्यांदा आलंय. त्या जोरावर एकट्या तीन लिटरच्या इंजिनातून ९०० हॉर्सपॉवर काढलेत, लिटरमागे ३००, बाकीची ३०० इलेक्ट्रिक मोटरांची, दोन पुढच्या चाकांना आणि एक मागे इंजिनसोबत. दादा, लिटरमागे ३०० आणि वर गॅरंटी देऊन गिऱ्हाइकाला विकायची गाडी, हे ऐकून आमच्या कँटीनमध्ये जेवण थांबलं होतं खरंच. एवढ्या उष्णतेत ती मोटर आणि तिचं वायंडिंग कसं टिकवलं असेल ह्याच्यावर आम्ही दोन दिवस बोलतोय.

तुझं दुःख मला कळतं. पण सिलिंडर कमी म्हणजे काम कमी असं म्हणू नकोस, त्या इंजिनात जेवढी अक्कल ओतलीये तेवढी आत्तापर्यंत कुठल्याच फेरारीत नव्हती असं माझं मत.

डोंबिवलीचा_काका

वय ५८, त्यामुळे थोडं मागचं सांगतो.

पोरांनो, फेरारी आणि व्ही६ हे नातं नवीन नाहीये. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी, त्यांचा मुलगा अल्फ्रेदो, घरातला दिनो, व्ही६ इंजिनाच्या कल्पनेवर इंजिनिअर विट्टोरियो यानोबरोबर काम करत होता आणि १९५६ साली अगदी तरुण वयात गेला. बापाने त्याच्या नावाने ती इंजिनं पुढे चालवली. नंतर रस्त्यावरची जी दिनो गाडी आली तिच्यावर आधी फेरारीचं नावसुद्धा नव्हतं, फक्त मुलाचं नाव. म्हणजे त्या घरात व्ही६ हा शब्द नुसता स्वस्तातला पर्याय म्हणून कधीच नव्हता, त्याच्यामागे एक गेलेला मुलगा आहे.

आणि १९६१ बघा. फेरारी १५६, ती शार्कच्या नाकाची, फिल हिल तिच्यावर फॉर्म्युला वनचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. तिच्यातलं एक इंजिन १२० अंशाचं व्ही६ होतं, म्हणजे सिलिंडरच्या दोन ओळींमधला कोन १२०. एफ८० चं पण १२० अंशाचंच आहे! परत १९८१ ला जिल व्हिलनव्हने मोनॅको आणि स्पेनची रेस मारली ती पण १२० अंशाच्या टर्बो व्ही६ वर. आता २०२३ आणि २०२४ ला लागोपाठ ल माँ, ती चोवीस तासांची रेस, जिंकलेली फेरारीची रेसगाडी ४९९पी, तिचंही तेच. आणि एफ८० चं इंजिन त्या ४९९पी वरूनच आलंय. पन्नास वर्षांनी ल माँच्या मोठ्या क्लासमध्ये परत उतरायचं आणि पहिल्याच वर्षी जिंकायचं, १९६५ नंतर पहिल्यांदा, ते इंजिन रस्त्यावरच्या गाडीत नाही टाकायचं तर काय टाकायचं?

एफ४० आली तेव्हा, १९८७ ची गोष्ट, तेव्हासुद्धा ती व्ही१२ नव्हती हे विसरू नका. व्ही८, २.९ लिटर, दोन टर्बो, ४७८ हॉर्सपॉवर. आत कार्पेट नाही, दार उघडायला हँडलच्या जागी नुसती दोरी. आमच्या कॉलेजजवळच्या रद्दीवाल्याकडे इंग्रजी मासिकं यायची, त्यातलं एफ४० चं मधलं पान मी दोन रुपयांना नुसतं पान म्हणून घेतलं होतं, पूर्ण मासिक परवडत नव्हतं. एन्झो फेरारी पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले, त्यांच्या हयातीतली ती शेवटची मोठी गाडी. आज एफ४० ला कोणी "सिलिंडर कमी" म्हणतं का?

वोकिंगवाला (नाशिक)

काका इतिहास सगळा मान्य, तरी मी दुसऱ्या बाजूचा आहे. एफ८० च्या अकरा दिवस आधी, ६ ऑक्टोबरला, मॅक्लारेन ह्या ब्रिटिश कंपनीने त्यांची डब्ल्यू१ दाखवली, आणि तारीख पण कशी निवडली बघा, १९७४ ला त्याच दिवशी त्यांना फॉर्म्युला वनचं पहिलं वर्ल्ड टायटल मिळालं होतं, त्याला बरोबर ५० वर्षं. १२७५ हॉर्सपॉवर, चार लिटरचा व्ही८, ३९९ गाड्या, वजन १३९९ किलो. एफ८० चं १५२५. दोन्ही वजनं पेट्रोल-बिट्रोल न भरता आहेत म्हणजे तुलना सरळ आहे, सव्वाशे किलोचा फरक! दोन माणसं बसवल्यासारखं झालं ते.

आणि मुख्य म्हणजे डब्ल्यू१ ची सगळी ताकद मागच्या दोन चाकांनाच जाते. स्टीअरिंग अजून हायड्रॉलिक ठेवलंय, रस्ता हाताला कळतो. फेरारीने पुढच्या चाकांना मोटरी लावल्या म्हणून २.१५ सेकंद आले, ते उभ्या गाडीपासून निघताना कामाला येतं. पण वळणात पुढचा टायर काय बोलतोय हे हाताला कळणं, ते मला सेकंदांपेक्षा मोठं वाटतं. मी सिलिंडर मोजतच नाही, मी वजन मोजतो. कसारा घाटात हलकी गाडी आणि जड गाडी चालवून बघा, ताकद दोघींची सारखी असली तरी कुठली आपली वाटते ते पहिल्या तीन वळणात कळतं.

शाफ्ट_आणि_बेअरिंग (चाकण)

@वोकिंगवाला वजनाचं बरोबर आहे, पण पुढच्या मोटरी फक्त निघताना कामाला येतात असं नाही भाऊ. डावी-उजवी वेगवेगळ्या आहेत त्या. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी जोर देता येतो, म्हणजे गाडीचं नाक आत खेचलं जातं. वजन वाढलं पण त्या वजनाला काम दिलंय. फियोरानोच्या त्यांच्या ट्रॅकवर लाफेरारीपेक्षा चार सेकंदांहून जास्त कमी वेळ लागलाय, एवढ्या छोट्या ट्रॅकवर चार सेकंद म्हणजे खूपच झाले.

आणि व्ही६ का, ह्याचं अजून एक उत्तर गाडीच्या पोटाखाली आहे जे कोणी बोलतच नाहीये. छोटं आणि बसकं इंजिन असलं की मागे जागा मोकळी होते, तिथे त्यांनी १.८ मीटर लांबीचा डिफ्युझर बसवलाय, म्हणजे पोटाखालची हवा मागे काढून गाडीला रस्त्याकडे खेचणारा भाग. त्याच्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून १.३ अंशाने तिरके उचललेत, नुसती हवा नीट जावी म्हणून! २५० च्या स्पीडला १०५० किलोचा दाब खाली पडतो. लांबलचक व्ही१२ ठेवला असता तर हे बसवायचं कुठे?

खर्जातली (मिरज)

नमस्कार, मी गाड्यांमधली नाही, नवरा आणि मुलगा दोघं वेडे आहेत म्हणून घरात सतत हेच चालू असतं. मी गाणं शिकवते. पण पहिल्या पोस्टमध्ये आवाजाचं वाचलं आणि वाटलं की ह्यावर मला खरंच बोलायचंय.

मुलाकडून एवढं समजून घेतलं की इंजिनाचा मुख्य सूर म्हणजे सेकंदाला किती वेळा सिलिंडर पेटतात तो आकडा. इंजिनाच्या एका फेऱ्यात सहा सिलिंडरवालं तीनदा पेटतं आणि बारावालं सहादा. मग आम्ही कागद घेऊन बसलो. लाफेरारी ९२५० आरपीएमपर्यंत जाते, तिथे हिशोब येतो सेकंदाला ९२५. एफ८० ची शेवटची मर्यादा ९२००, तिथे येतो ४६०. आता ४६० ची दुप्पट ९२०. कळलं का काय झालं? गाण्यात कंपनं दुप्पट झाली की सूर तोच राहतो, सप्तक बदलतं. म्हणजे दोन्ही गाड्या अगदी वरती गेल्या की जवळजवळ एकाच सुरावर पोचतात, फक्त जुनी एक सप्तक वर गाते. मी हार्मोनियमवर दोन्ही पट्ट्या एकत्र दाबून दाखवल्या तेव्हा माझा मुलगा उठून उभाच राहिला.

म्हणून मला वाटतं की तुम्हाला जी हुरहूर लागलीये ती तार सप्तकाची आहे. गायक तारसप्तकातल्या षड्जावर जाऊन थांबतो तेव्हा अंगावर काटा येतो तो वेगळा, आणि मंद्रातला भरीव सूर वेगळा. दोन्ही गाणंच आहे. पण एक तक्रार माझीपण आहे. दोन्हीचे व्हिडिओ मी हेडफोन लावून ऐकले, लाफेरारीचा सूर मोकळ्या गळ्याचा वाटतो आणि ह्या नवीनचा तोंडावर रुमाल धरून गायल्यासारखा. मुलगा म्हणाला टर्बोमुळे, एक्झॉस्टच्या वाटेतच टर्बाइन बसलेलं असतं त्यामुळे आवाजाची धार तिथेच जाते. असं असेल तर सिलिंडर किती ह्यापेक्षा तो रुमाल जास्त महत्त्वाचा आहे.

भिंतीवरची_एन्झो (पुणे)

ताई, हे वाचून मी परत जाऊन दोन्ही क्लिप लागोपाठ ऐकल्या. सूर तोच आहे!! एवढी वर्षं ऐकतोय आणि हे कधी लक्षातच आलं नव्हतं. रुमालाचं पण अगदी बरोबर, मला जे सांगता येत नव्हतं ते हेच. २९६ जीटीबी ह्या फेरारीच्या व्ही६ ला फेरारीचे इंजिनिअर लाडाने छोटा व्ही१२ म्हणायचे, तेव्हा मला ती जाहिरातबाजी वाटली होती, आता वाटतंय की त्याच्यात काहीतरी तथ्य होतं.

तोरिनोकर (मूळ साताऱ्याचा)

मी इथे इटलीत तोरिनोला ऑटोमोटिव्ह शिकतोय, दुसरं वर्ष. मारानेल्लोला, म्हणजे फेरारीच्या गावाला, ट्रेनने आणि पुढे बसने जाऊन येतो अधूनमधून, पाच-सहा वेळा झालं असेल. गाव अगदी छोटं आहे, आपल्या वाईपेक्षा मोठं नसेल असं वाटतं बघताना, आणि गावाला लागूनच फियोरानोचा ट्रॅक. ट्रॅकच्या कुंपणाला हिरवं कापड लावलेलं असतं, त्याला ठिकठिकाणी भोकं, त्याच्याजवळ म्हातारे लोक सायकल टेकवून उभे असतात. त्यांना दिसत काहीच नाही, नुसतं ऐकतात, आणि कुठलं इंजिन ते सांगतात.

ह्या उन्हाळ्यात तिथेच मी काळं-पांढरं चित्रविचित्र कापड गुंडाळल्यासारखी एक गाडी गेटातून बाहेर येताना बघितली, एफ८० होती हे आता फोटो बघून कळतंय, छताचा आकार आणि मागचा पंख बघून. माझ्यापासून दहा फुटांवर सिग्नलला थांबली. त्या वेळी जे जाणवलं ते कुठल्याच व्हिडिओत नाही, ती गाडी प्रचंड रुंद आहे आणि काच मात्र फायटर विमानासारखी अरुंद. आत ड्रायव्हर पुढे आणि शेजारी बसलेला इंजिनिअर चक्क थोडा मागे सरकून बसलेला. तेव्हा मला वाटलं सीट मोडलीये. लाँचला कळलं की मुद्दाम तशी रचना आहे, शेजाऱ्याची सीट किंचित मागे सरकवली की दोघांचे खांदे एकमेकांना लागत नाहीत आणि केबिन अरुंद करता येते, म्हणजे हवेला अडथळा कमी. ड्रायव्हरची सीट लाल आणि शेजारची काळी, आतल्या काळ्या रंगात मिसळून गेलेली. मालक एकटाच चालवतोय असं वाटावं म्हणून.

हिरवा झाला तसा तो निघाला, आणि आवाजाबद्दल एवढंच सांगतो की छातीत आला, कानात नाही. शेजारचे आजोबा मान हलवून "सेई" एवढंच म्हणाले, म्हणजे सहा. त्यांचा चेहरा नाराज नव्हता, खुश पण नव्हता, कोणीतरी नवीन सून घरात आल्यावर बघतात ना तसा.

आणि परवा रविवारी ऑस्टिनच्या फॉर्म्युला वन रेसला फेरारीचे लेक्लेर पहिला आणि साइन्झ दुसरा आला. फेरारी जिंकली की मारानेल्लोच्या चर्चची घंटा वाजवतात, ही त्यांची जुनी रीत आहे. मी नव्हतो तिथे ह्यावेळी, पण रूममध्ये बसून मला ती ऐकू आल्यासारखी वाटली. त्या रेसच्या गाडीत पण व्ही६ च आहे, २०१४ पासून, १.६ लिटर टर्बो हायब्रिड. घंटा वाजवणारा सिलिंडर मोजत नाही.

वांद्र्याची_सकाळ

तोरिनोकरचं वाचून राहवलं नाही. सचिनची ३६० मोडेना, शूमाकरच्या हातून त्याला मिळाली होती २००२ ला, ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी झाली त्यावरून. मी तेव्हा आठवीत, क्लासला पहाटे निघायचो, एकदा कार्टर रोडला समुद्राच्या बाजूने ती लाल गाडी हळूच गेली, तीस-चाळीसच्याच स्पीडला असेल. दूधवाला सायकलवरून उतरून उभा राहिला. व्ही८ होती ती. मी घरी जाऊन आजोबांना सांगितलं की फेरारीचा आवाज ऐकला, आणि आजतागायत माझ्यासाठी फेरारीचा आवाज म्हणजे तोच. ज्याने पहिली जी ऐकली ती त्याची फेरारी, मला वाटतं बारा वर्षांच्या पोराला एफ८० चाच आवाज पाठ होईल आणि त्याला तो पूर्णच वाटेल.

वोकिंगवाला (नाशिक)

हे छान लिहिलंस. तरी १५२५ किलो जास्तच आहेत, ते मी बोलत राहणार.

डोंबिवलीचा_काका

बोल रे, बोलायलाच पाहिजे. एफ५० आली तेव्हा लोक तिलाही नावं ठेवत होते, एफ४० च्या मानाने मऊ म्हणून, आणि आज तिची किंमत बघ. बाय द वे व्ही१२ मेलाय असं कोणी समजू नका, ह्याच मे महिन्यात १२चिलिंद्री आली आहे, ६.५ लिटर, टर्बो नाही, हायब्रिड नाही, ८३० हॉर्सपॉवर आणि ९५०० आरपीएम. पुढे इंजिन असलेली, लांब नाकाची. एफ८० च्या पुढच्या बाजूला जी काळी पट्टी आहे ती १२चिलिंद्रीलाही आहे, दोन्हीकडे डेटोना ह्या जुन्या फेरारीची आठवण ठेवलीये.

भिंतीवरची_एन्झो (पुणे)

काका, १२चिलिंद्री मला माहितीये आणि आवडतेही, पण ती लांबच्या प्रवासाची गाडी आहे, दर दहा-बारा वर्षांनी येणारी ती एक गाडी नाही. माझं मत पूर्ण नाही बदललं. इंजिनिअरिंगपुढे हात जोडले, चाकणच्या दादाने १.३ अंशाचं सांगितलं ते वाचून मी खालून घेतलेले सगळे फोटो परत शोधून बघितले, आणि खरंच, व्ही१२ ठेवला असता तर ही गाडी झालीच नसती, दुसरी झाली असती. पण ती दुसरी मला हवी होती एवढंच. पोस्टर अजून गुंडाळून कपाटावर आहे, भिंतीला रंग लागला की त्याच जागी जाईल.

@तोरिनोकर परत कधी जाणार तिकडे?

तोरिनोकर (मूळ साताऱ्याचा)

शनिवारी जाईन म्हणतोय, पाऊस नसेल तर. टेस्टिंग शनिवारी असेलच असं नाही पण कुंपणापाशी आजोबा भेटतातच.

खर्जातली (मिरज)

भाऊ, गेलात आणि ती गाडी आली तर फोनवर रेकॉर्ड करून इथे टाकाल का? फोन कुंपणाच्या कापडाला टेकवू नका, हातभर लांब धरा, नाहीतर कापडाची फडफड येते. आणि गाडी निघून गेली तरी लगेच बंद करू नका, मला शेवटची आस, म्हणजे विरत जाणारा सूर, ऐकायचीये.

तोरिनोकर (मूळ साताऱ्याचा)

टाकतो ताई. आजोबा काय म्हणतात ते पण.